आशीर्वाद आणि आज्ञा : ३८ व्या आयरिश ब्रिगेडची कहाणी

सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी एकदा फळ्यावर चार नोंदी लिहिल्या होत्या : सहाव्या शतकाची अखेर, इ. स. ८८३, इ. स. १३४९ आणि इ. स. १९४४. संत बेनेडिक्ट यांनी इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला मोंते कॅसिनोचा मठ या चार वेळी उद्ध्वस्त झाला. पहिल्या वेळी लोम्बार्ड टोळ्यांनी, दुसऱ्या वेळी सारासेनांनी, तिसऱ्या वेळी धरणीकंपाने. चौथ्या नोंदीपाशी प्राध्यापक क्षणभर थांबले आणि म्हणाले, ''आणि या वेळी ख्रिस्ती राष्ट्रांच्या विमानांनी.'' वर्गात शांतता पसरली. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी तो मठ जमीनदोस्त केला, एवढेच त्या दिवशी आम्हांला कळले. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण लढले, कोण मेले, याची चौकशी करावी असे मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे आमच्या मनात राहून गेले होते.

पुढे जमेल तसे वाचन करीत असता आमची गाठ ब्रिटिश लष्कराच्या एका पायदळ ब्रिगेडशी पडली. तिचे अधिकृत नाव ३८ वी (आयरिश) इन्फंट्री ब्रिगेड. ब्रिगेड म्हणजे साधारणतः तीन पलटणी व त्यांना जोडलेली साधनसामग्री, म्हणजेच सुमारे अडीच-तीन हजार माणसे. एका महायुद्धात अशा ब्रिगेडी शेकड्यांनी होत्या. मग नेमक्या हिचीच कहाणी आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे का ठेवावी? कारण हिच्या इतिहासात अकरा महिन्यांच्या अंतराने घडलेले दोन प्रसंग आहेत. पहिला जून १९४४ मधला, रोम शहरातला. दुसरा मे १९४५ मधला, ऑस्ट्रियाच्या सीमेवरचा. पहिल्याने आपला ऊर भरून येतो. दुसऱ्याने मान खाली जाते. हे दोन्ही प्रसंग एकाच ब्रिगेडचे आहेत, हे ध्यानी घेतल्याशिवाय तिची कहाणी पुरी होत नाही.

नावावरून वाद

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली, १९२२ साली दक्षिणेकडे स्वतंत्र राज्य आले आणि उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा दक्षिणेच्या डी व्हॅलेरा सरकारने तटस्थतेचे धोरण पत्करले. तरीही त्या तटस्थ देशाचे हजारो तरुण समुद्र ओलांडून ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. कोणी बेकारीला कंटाळून, कोणी बाप-आजाच्या पलटणीचा वारसा म्हणून, तर कोणी हिटलरच्या राजवटीविषयीच्या मनस्वी तिटकाऱ्याने. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक होते.

१९४१ च्या अखेरीस पंतप्रधान चर्चिल यांनी आयरिश पलटणी एकत्र आणून एक आयरिश ब्रिगेड उभी करण्याची कल्पना मांडली. ती उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान अँड्रूज यांना रुचली नाही. त्यांचा आक्षेप नावाला होता, आणि त्याला इतिहासाचा आधार होता. सतराव्या शतकाच्या शेवटी पराभूत होऊन देशोधडीला लागलेल्या आयरिश कॅथलिकांनी फ्रान्सच्या राजाच्या पदरी चाकरी धरली होती. 'रानहंस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या सैनिकांच्या दलाचे नावही आयरिश ब्रिगेड असेच होते. ११ मे १७४५ रोजी फाँतेन्वाच्या रणांगणावर त्याच ब्रिगेडने इंग्रजांना मागे रेटले होते. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या दलाचे नाव इंग्रजांच्या सैन्यात कसे चालेल, हा त्यांचा सवाल होता. चर्चिल यांनी तो मानला नाही आणि जानेवारी १९४२ मध्ये ब्रिगेड अस्तित्वात आली.

तिच्या तीन पलटणी अशा : रॉयल आयरिश फुझिलिअर्सची पहिली, रॉयल इनिस्किलिंग फुझिलिअर्सची सहावी आणि लंडन आयरिश रायफल्सची दुसरी. पहिल्या दोन रेजिमेंटांची भरती ज्या परगण्यांतून होत असे, त्यांतील काही सीमेच्या अलीकडे तर काही पलीकडे होते. आर्मा उत्तरेत, मोनॅहन दक्षिणेत; फर्मॅना उत्तरेत, डोनेगल दक्षिणेत. तिसरी पलटण लंडनमध्ये स्थायिक झालेल्या आयरिश कुटुंबांची. शिवाय इंग्रज तरुणही त्यांत मिसळले होतेच. घरी असताना ज्यांच्या बापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या असतील अशी कॅथलिक व प्रॉटेस्टंट माणसे येथे एकाच खंदकात, एकाच घोंगडीखाली झोपू लागली. रॉयल आयरिश फुझिलिअर्सची 'वाट मोकळी करा' अशा अर्थाची गेलिक रणगर्जना दोघांच्याही ओठी सारखीच होती. संत पॅट्रिकच्या सणाला टोपीवर शॅमरॉकचे त्रिदल खोवण्याचा मान व्हिक्टोरिया राणीने १९०० साली आयरिश पलटणींना दिला होता. तो मानही दोघे सारख्याच अभिमानाने मिरवीत. राजकारण्यांना जे साधले नव्हते, ते रणभूमीवरील सोबतीने काही काळापुरते का होईना, साधले होते.

आफ्रिकेतून सिसिलीकडे

ब्रिगेडियर नेल्सन रसेल यांच्या नेतृत्वाखाली ही ब्रिगेड नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जिअर्स बंदरात उतरली आणि ट्युनिशियाच्या आघाडीवर गेली. जानेवारी १९४३ मध्ये बू अरादा गावाजवळच्या '२८६ क्रमांकाच्या टेकडी'साठी लंडन आयरिश पलटणीला जे लढावे लागले, त्यात तिची भयंकर हानी झाली. टेकड्यांना नावे नव्हती. नकाशावरील उंचीचा आकडा हेच त्यांचे नाव. अशा निनावी टेकड्यांवर माणसांनी आपली नावे मागे ठेवली.

त्यानंतर ब्रिगेड ७८ व्या डिव्हिजनमध्ये सामील झाली आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिली. एप्रिल १९४३ मध्ये मेजेझ-एल-बाबच्या उत्तरेकडील तांगुशा व हायदूस या खडकाळ डोंगरांवर तिने दोन-अडीच आठवडे झुंज दिली. रस्ता नव्हता, पाणी, दारूगोळा आणि भाकरी खेचरांच्या पाठीवरून वर जात आणि परतीच्या वाटेवर जखमी खाली येत. ७ मे रोजी ट्युनिस पडले आणि दुसऱ्या दिवशी आयरिश सैनिक त्या शहरात दाखल झाले. लोकांनी त्यांच्यावर फुले उधळली. त्या फुलांनी हर्ष झाला असेल. पण पलटणींच्या रांगा आता किती आखूड झाल्या होत्या, हेही त्याच दिवशी सर्वांच्या लक्षात आले असेल.

जुलैच्या अखेरीस ब्रिगेड सिसिलीत उतरली. सुळक्यासारख्या डोंगरमाथ्यावर वसलेले सेंतुरिपे हे गाव २ व ३ ऑगस्टच्या दरम्यानच्या रात्री तिने घेतले. खालून कडा चढत जाऊन घराघरांतून लढावे लागले. हे गाव पडताच एटना ज्वालामुखीच्या पायथ्याची जर्मन फळी खिळखिळी झाली. पुढे ऑक्टोबरमध्ये एड्रिअॅटिक किनाऱ्यावरील तेर्मोली येथे ब्रिटिश कमांडो तुकड्या जर्मन रणगाड्यांच्या कैचीत सापडल्या असता हीच ब्रिगेड रातोरात समुद्रमार्गे येऊन पोचली आणि दुसऱ्या दिवशी तिने शत्रूला मागे हटविले. मग त्रिन्यो नदी, सान साल्वो आणि पावसाने दुथडी भरून वाहणारी सांग्रो नदी. बांधलेले पूल वाहून जात होते, पुन्हा बांधले जात होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत सांग्रोच्या पलीकडील टेकडीच्या लढाईत आयरिश ब्रिगेडच्या शेजारी ८ वी भारतीय डिव्हिजन होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती, हे आपण ध्यानात ठेवावे. या धाग्याकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

कॅसिनोच्या पायथ्याशी

१९४४ च्या फेब्रुवारीत रसेल यांच्या जागी ब्रिगेडियर पॅट स्कॉट आले. एव्हाना कॅसिनोचा मठ ढिगारा होऊन पडला होता. बॉम्ब पडले तेव्हा मठात आश्रयाला आलेले अनेक निरपराध नागरिक प्राणास मुकले. मठात त्या वेळी जर्मन फौज ठाण मांडून बसलेली नव्हती. ढिगारा झाल्यावर मात्र तिने तेथे भक्कम ठाणे केले. अशा रीतीने जे वाचवायचे ते गेले आणि जे मिळवायचे तेही हाती लागले नाही.

११ मे १९४४ रोजी रात्री ११ वाजता निर्णायक लढाईला तोंड फुटले. फाँतेन्वाच्या लढाईची तारीखही हीच होती, हा केवळ योगायोग. गारी नदी ओलांडून पलीकडे पाय रोवण्याचे काम ४ थ्या ब्रिटिश व ८ व्या भारतीय डिव्हिजनने केले. त्यांनी मिळविलेल्या चिंचोळ्या पट्ट्यातून ७८ वी डिव्हिजन पुढे सरसावली. १५ मे रोजी इनिस्किलिंग पलटणीने हल्ला केला. दुसऱ्या दिवशीच्या सिनागोगा येथील हल्ल्याची पाहणी करीत असताना तोफगोळ्यांच्या माऱ्यात लंडन आयरिश पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल गॉफ प्राणाला मुकले. हल्ला थोडा लांबला, पण टळला नाही. १६ मे रोजी सिनागोगा व १७ मे रोजी प्युमारोला ही गावे ब्रिगेडने घेतली. मठाकडे येणाऱ्या मुख्य रस्त्याला धोका निर्माण होताच जर्मनांनी माघार घेतली आणि १८ मे रोजी पोलंडच्या सैनिकांनी मठाच्या ढिगाऱ्यावर आपले निशाण लावले.

आम्ही धर्मगुरू असल्याने या लढाईतील एका गोष्टीचा विचार आमच्या मनातून जात नाही. हल्ल्यापूर्वी आयरिश कॅथलिक सैनिक आपल्या लष्करी धर्मगुरूंकडून पापक्षमा आणि ख्रिस्तशरीर स्वीकारीत होते. समोरच्या जर्मन खंदकांतही बव्हेरियाचे, ऑस्ट्रियाचे कॅथलिक तरुण होते. एकाच प्रभूच्या मेजावरून उठून ते एकमेकांना मारायला जात होते, आणि ज्या मठासाठी ही लढाई चालली होती त्याचे ब्रीद 'शांती' हे होते. या विसंगतीचे उत्तर आमच्यापाशी नाही. पण ती नजरेआड करून या इतिहासाचा गौरव करणे आम्हांला जमत नाही.

१२ जून १९४४

४ जूनला रोम मुक्त झाले. त्यानंतर आठव्याच दिवशी, १२ जून रोजी, आयरिश ब्रिगेडमधील निवडक सैनिकांची तुकडी पोप बारावे पायस यांच्या भेटीस व्हॅटिकनमध्ये गेली. ब्रिगेडियर स्कॉट त्यांच्यासोबत होते. अंगावर युद्धातले तेच कपडे, फक्त धुतलेले. सोबत त्यांचे पाइपवादक आणि ढोलवादक. पोपमहोदयांनी त्यांना आशीर्वाद दिला. संत पेत्राच्या महामंदिराच्या परिसरात आयरिश पाइपचे सूर घुमले, तेव्हा रोमचे नागरिक ते पाहण्यास गोळा झाले.

वाचकहो, त्या सैनिकांच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. डोनेगलच्या एखाद्या खेड्यात, पीटच्या शेकोटीभोवती रोज संध्याकाळी रोझरी म्हणत वाढलेला एक मुलगा. पोपमहोदयांचे चित्र त्याने घरच्या भिंतीवरच पाहिलेले. दीड वर्षांत त्याने किती तरी सोबती पुरले. आणि आता तोच मुलगा संत पेत्राच्या कबरीजवळ उभा आहे. घरी आईला लिहावयाच्या पत्रात त्याला दुसरे काही सुचले नसेल. या मुलांत सगळेच कॅथलिक नव्हते. ब्रिगेडच तशी संमिश्र होती. पण पाइपचे सूर मात्र सर्वांचे होते.

नऊ दिवसांतच, २१ जून रोजी, ही ब्रिगेड त्राझिमेनो सरोवराजवळच्या सानफातुच्यो या गावी पुन्हा लढत होती. आशीर्वादाने गोळ्या थांबल्या नाहीत. ऑगस्टमध्ये विश्रांतीसाठी इजिप्तमध्ये असताना सहावी इनिस्किलिंग पलटण मोडण्यात आली आणि तिच्या जागी त्याच रेजिमेंटची दुसरी पलटण आली. ऑक्टोबरमध्ये बोलोन्याच्या दक्षिणेकडील मोंते स्पादुरो या डोंगरावर रॉयल आयरिश फुझिलिअर्सनी मोठी हानी सोसली. तो डोंगर अखेरीस ७८ व्या डिव्हिजनच्या हाती आला तो २३-२४ ऑक्टोबरच्या रात्री. पाठोपाठ बर्फाचा, चिखलाचा आणि वाट पाहण्याचा हिवाळा आला.

सेनिओच्या काठी मराठी पाऊल

आता तो धागा. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील शेवटची मोठी चढाई सुरू झाली. वाटेत सेनिओ नदी होती. दोन्ही तीरांवर उंच बांध, बांधांच्या पोटात जर्मन मशीनगनी आणि सभोवती सुरुंग. तो काठ फोडण्याचे काम न्यूझीलंडच्या व ८ व्या भारतीय डिव्हिजनकडे होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव त्या दिवशी आपल्या कंपनी कमांडरबरोबर निरोप्याचे काम करीत होते. नदी ओलांडताना बहुतेक सोबती पडले. जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी आणले. मग ते परत गेले आणि एकट्याने मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनी मागच्या कंपन्यांना बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांना हाच सन्मान १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यातील पराक्रमाबद्दल मरणोत्तर मिळाला होता. ते आपल्या कोकणातले, माणगाव तालुक्यातील पळसगावचे.

सेनिओच्या काठी मराठी, पंजाबी, गुरखा आणि न्यूझीलंडच्या सैनिकांनी जी वाट फोडली, तिच्यातूनच ७८ वी डिव्हिजन व तिच्यासोबत आयरिश ब्रिगेड पुढे गेली. वरचा बुरूज काढून टाकलेल्या रणगाड्यांच्या पोटात सैनिक बसवून पुढे नेण्याची युक्ती या चढाईत वापरली होती. त्या वाहनांना सैनिक 'कांगारू' म्हणत. पूरग्रस्त जमीन आणि सरोवर यांच्यामधील आर्जेन्ताची चिंचोळी खिंड पार करून एप्रिलच्या अखेरीस ते पो नदीवर पोचले. २ मे रोजी इटलीतील जर्मन सैन्य शरण आले. 'वाट मोकळी करा' ही आयरिशांची गर्जना. पण त्या एप्रिलात त्यांची वाट मोकळी करणाऱ्यांत सह्याद्रीच्या कुशीतली पोरेही होती. स्वतः पारतंत्र्यात असलेले हे दोन देश, एकाला स्वातंत्र्य अर्धे मिळालेले, दुसऱ्याला अजून मिळायचे होते. आणि दोहोंची मुले परक्या राजाच्या ध्वजाखाली युरोपच्या मुक्ततेसाठी रक्त सांडत होती. हा इतिहासाचा विचित्र न्याय.

ब्लायबर्ग

एखादा लेखक येथेच थांबला असता. आम्हांला थांबता येत नाही.

मे १९४५ मध्ये ब्रिगेड ऑस्ट्रियाच्या कारिंथिया प्रांतात दाखल झाली. पूर्वेकडून युगोस्लाव्हियातून माणसांचा एक लोंढा सीमेकडे सरकत होता. त्यात १९४१ साली हिटलर व मुसोलिनी यांच्या आश्रयाने स्थापन झालेल्या क्रोएशियन राज्याचे सैनिक होते आणि त्यांच्याबरोबर बायका, मुले व म्हातारेही होते. त्यांतील बहुतेक कॅथलिक. त्यांच्या पाठीवर मार्शल टिटोचे कम्युनिस्ट पार्टिझान सैन्य होते. ब्रिटिशांना शरण जाऊन जीव वाचवावा, एवढीच त्यांची आशा.

येथे सत्य सर्व बाजूंनी सांगितले पाहिजे. या क्रोएशियन राज्याच्या उस्ताशा राजवटीने चार वर्षांत सर्ब, ज्यू व रोमा लोकांची भीषण कत्तल केली होती. यासेनोवात्सच्या छळछावणीचे नाव त्याची साक्ष देते. ती राजवट स्वतःला कॅथलिक म्हणवीत होती, ही आपणा सर्वांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे. त्या लोंढ्यात खुनी होतेच. पण त्यात सक्तीने भरती केलेली शेतकऱ्यांची पोरे होती आणि ज्यांनी कोणाचे काही बिघडविले नाही अशी कुटुंबेही होती.

१५ मे रोजी ब्लायबर्ग गावच्या गढीत ब्रिगेडियर स्कॉट यांच्यापुढे दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी आले. स्कॉट यांच्याजवळ तेथे फारच थोडे सैन्य होते. दोस्तराष्ट्रांचे धोरण असे होते की जे ज्याच्याशी लढले त्यांनी त्याच्याकडेच शस्त्रे ठेवावीत. शिवाय कारिंथिया व त्रिएस्ते यांवरून टिटोच्या सैन्याशी ब्रिटिशांचा खटका उडण्याची वेळ आली होती. स्कॉट यांनी क्रोएशियन प्रतिनिधींपुढे तीन पर्याय ठेवले. युगोस्लाव्ह सैन्याला शरण जावे. किंवा आहे तेथे राहून त्यांचा हल्ला सोसावा. किंवा ब्रिटिश हद्दीत घुसण्याचा यत्न करावा, तसे झाल्यास दोन्ही सैन्ये त्यांच्यावर तुटून पडतील. शरण आल्यास योग्य वागणूक मिळावी यासाठी आपण आपले वजन खर्च करू, असेही त्यांनी सांगितले. त्या दुपारी पांढरी निशाणे वर आली.

पुढे काय झाले ते जगाला फार उशिरा कळले. शरण आलेल्यांना परत युगोस्लाव्हियात नेण्यात आले. हजारोंना चौकशीविना मारून टाकण्यात आले. कित्येकजण मैलोन्मैल चालविले जाताना वाटेत पडले. पुढच्या काही आठवड्यांत कारिंथियातील ब्रिटिश छावण्यांतून स्लोव्हेनियन सैनिकांनाही, 'तुम्हांला इटलीत नेत आहोत' असे भासवून गाडीत बसवून परत पाठविण्यात आले, आणि त्यांतील बहुतेकांची तीच गत झाली. २००९ साली स्लोव्हेनियातील एका जुन्या खाणीच्या भिंती फोडल्या तेव्हा आत शेकडो मृतदेह सापडले. साठाहून अधिक वर्षे ती भिंत बंदच होती.

अकरा महिन्यांपूर्वी व्हॅटिकनमध्ये पोपमहोदयांपुढे उभा राहिलेला ब्रिगेडियर तोच, ब्रिगेडही तीच. आम्ही स्कॉट यांना दोषी ठरवीत नाही. धोरण वरून आलेले, हाती मूठभर माणसे, समोर गोळीबाराला सज्ज झालेली दोन सैन्ये, आणि ठरविण्यास काही घटका. पार्टिझानांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे त्यांना दुसरे काही दिसले नाही. त्या वाटाघाटींचा तपशीलवार वृत्तांत त्यांनी लिहून ठेवला, लपविला नाही. हेही नमूद करावयास हवे. पण आपला विश्वास खोटा ठरला तर त्याची किंमत दुसऱ्यांना द्यावी लागेल, आपणांस नाही, हे त्या गढीत बसलेल्या सर्वांना ठाऊक असणार.

घरी परतल्यावर

युद्ध संपले. दक्षिण आयर्लंडमध्ये परतलेल्या सैनिकांच्या स्वागताला कोणी आले नाही. परक्या राजाचा गणवेश घातलेल्यांबद्दल बोलणे टाळले जाई. आयर्लंडच्या स्वतःच्या सैन्यातून पळून जाऊन ब्रिटिश सैन्यात लढलेल्या सुमारे ५ हजार जणांना १९४५ मध्ये बडतर्फ करून सात वर्षे सरकारी नोकरीची दारे बंद करण्यात आली. त्यांना माफी देणारा कायदा झाला तो २०१३ साली. तोवर बहुतेकजण मातीत गेले होते.

कॅसिनोच्या लष्करी दफनभूमीत राष्ट्रकुलाचे ४ हजारांहून अधिक सैनिक विसावले आहेत. आयरिश आहेत, इंग्रज आहेत, आपले भारतीयही आहेत. त्यांच्या माथ्यावर डोंगरावरचा मठ पुन्हा उभा राहिला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचे पुनःसमर्पण केले आणि संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी व्हॅटिकन परिषदेने आजच्या जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात एक गोष्ट बजावून ठेवली. लोकसमूहांचा उच्छेद करणाऱ्या आज्ञा हा अपराध होय; 'मी केवळ आज्ञा पाळली' ही सबब तिथे चालत नाही; आणि अशा आज्ञेला उघडपणे नकार देणाऱ्यांचे धैर्य परम स्तुतीस पात्र आहे, असे तिचे सांगणे. ब्लायबर्गची आज्ञा उच्छेदाची नव्हती. ती दार लावून घेण्याची होती. पण दाराबाहेर काय आहे, याची चौकशी दार लावणाऱ्याने करू नये काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आज सैन्यात, पोलिसांत, बँकांत, कचेऱ्यांत आहेत. त्यांना रोज आज्ञा येतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. एखाद्या दिवशी मात्र एखाद्याच्या तोंडावर दार लावण्याची आज्ञा येते : एखाद्या निर्वासिताच्या, एखाद्या विधवेच्या, झोपडी हटविली जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या. 'वरून आदेश आहे' हे शब्द तेव्हा फार सोपे वाटतात. त्या वेळी आपणांस मिळालेला आशीर्वाद आठवावा, एवढेच आमचे मागणे. आशीर्वाद मिळाला म्हणजे काम झाले असे होत नाही. तो मिळाल्यावरच आपली जबाबदारी सुरू होते.

येत्या नोव्हेंबरात आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावू आणि आपल्या माणसांची नावे घेऊ. तेव्हा एक मेणबत्ती सिनागोगाच्या शेतांत पडलेल्या आयरिश मुलांसाठी लावू या, आणि त्यांच्या समोरच्या जर्मन मुलांसाठीही. एक सेनिओच्या पाण्यात बुडालेल्या मराठा शिपायांसाठी. आणि एक ब्लायबर्गच्या माळावरून परत फिरविलेल्यांसाठी व त्याआधी यासेनोवात्समध्ये मारल्या गेलेल्यांसाठी. त्यांतील अनेकांची नावे कुठल्याच दगडावर कोरलेली नाहीत. ती फक्त देवाला ठाऊक आहेत.